खुब्याचा सांधा बदलल्यावरही मांडी दुखत असेल तर

काठी, वॉकर किंवा उंच कमोड सीट घ्यायला आमच्या दुकानात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं. जांघेतलं जुनं दुखणं गेलं, टाके निघाले, पण मांडी मधोमध ठणकते, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. घरचे म्हणतात, "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, दुखणारच." सुरुवातीचे काही महिने ते खरंही असतं. पण त्यापुढेही हेच ऐकवून पेशंटला गप्प बसवणं बरोबर नाही.

सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात. तो सिमेंटशिवाय बसवला असेल, तर हाडाने वाढून त्याला घट्ट धरावं लागतं आणि त्याला काही महिने जातात. शिवाय धातू हाडापेक्षा कितीतरी ताठ असतो. पाऊल टाकलं की हाड किंचित लवतं, दांडा तेवढा लवत नाही, आणि दांड्याचं टोक जिथे संपतं तिथे ताण येतो. म्हणून कळ खुब्यात न येता मांडीत येते. हे दुखणं पुष्कळांचं वर्ष-दोन वर्षांत हळूहळू कमी होतं.

मात्र मांडी दुखण्याचं कारण दर वेळी दांडाच असतो असं नाही. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांना कळ येते आणि चालताना ती ओसरते, असं होत असेल तर दांडा सैल आहे का, हे सर्जनकडून तपासून घ्यायलाच हवं. बाहेरच्या बाजूने दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, तर बहुधा तिथले स्नायुबंध सुजलेले असतात. रिक्षात पाय उचलून ठेवताना जांघेत कळ आली तर पुढच्या स्नायूकडे लक्ष द्यावं लागतं. कंबरेपासून मुंग्या उतरत असतील तर मूळ मणक्यात असू शकतं. म्हणून कुठे दुखलं, काय करताना दुखलं, हे रोज कॅलेंडरच्या चौकोनात दोन शब्दांत लिहा. डॉक्टरकडे जाताना ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्स-रेही न्या. दांडा जागचा हलला का, हे जुना-नवा शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.

पेनकिलरच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. बीपी, शुगर असलेल्यांच्या किडनीला त्या फार जड जातात.

आता काठीबद्दल. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरून येणारे आम्हाला नेहमी भेटतात. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. त्यामुळे खुब्याच्या स्नायूंना कमी जोर लावावा लागतो आणि सांध्यावरचा भार खरोखर घटतो. ताठ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवर ती काठी नेऊच नका.

चालायला सपाट जागा निवडा. नाशिकमध्ये कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक चांगला आहे, पांडवलेणीच्या पायऱ्या सध्या राहू द्या. सप्तशृंग गडावर जायची ओढ असेलच, पण तिथे २०१८ पासून ट्रॉली आहे, तिनेच जा. चालण्याचं दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर अंतर कमी करा; चालणं बंद मात्र करू नका.

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पडून असतानाही न थांबणारा ठणका, पडल्यानंतर पायावर भार न टाकता येणं, पोटरी किंवा मांडी अचानक सुजून गरम होणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा. जंतुसंसर्गाची शंका असेल तर तपासणीआधी मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, नाहीतर जंतू तपासणीत सापडत नाहीत.

काठी दुसरीकडून घेतलेली असली तरी दुकानात घेऊन या, उंची मोफत बसवून देऊ. येताना रोजची चप्पल किंवा बूट घालूनच या, कारण माप त्यासकट घ्यावं लागतं.