टोकाला निसरडा, चिमटीत घट्ट: गिटारच्या पिकचे विज्ञान

गिटारच्या पिककडून, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या चकतीकडून, आपण दोन परस्परविरोधी अपेक्षा ठेवतो. तारेवरून तो न अडखळता सुटला पाहिजे आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत मात्र जराही हलता कामा नये. जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीच्या एकाच चकतीला टोकाशी कमी घर्षण आणि पकडीच्या जागी जास्त घर्षण सांभाळायचे असते. महागडे पिक बहुधा त्यांच्या द्रव्याच्या नावावर विकले जातात. परंतु ही विसंगती एखादा पिक कितपत सोडवतो, यावरूनच त्याचे मोल ठरवावे, असे माझे मत आहे.

आधी तार छेडली जाते तेव्हा काय घडते ते पाहू. पिक तारेला बाजूला ओढतो, तारेला क्षणभर बसका त्रिकोणी आकार येतो आणि मग ती सुटते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो; त्याच्याबरोबर १६५, २४७, ३३० हर्ट्झ असे दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे अधिस्वर उमटतात आणि त्यांच्या प्रमाणावरून नादाचा पोत ठरतो. त्रिकोणाचा कोपरा जितका टोकदार आणि तार जितकी झटकन सुटेल, तितके वरचे अधिस्वर जोमदार असतात. समजा, पिक सेकंदाला एक मीटर वेगाने सरकतो आहे आणि त्याचे टोक इतके गोल आहे की त्याच्या वळणावरून अर्धा मिलिमीटर घसरल्यावरच तार सुटते. या घसरणीला अर्धा मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात ४००० हर्ट्झच्या कंपनाची दोन आवर्तने पूर्ण होतात, त्यामुळे त्या पट्ट्यातील अधिस्वर नीट उठतच नाहीत. ८२ हर्ट्झच्या मूळ स्वराचे एक आवर्तन मात्र बारा मिलिसेकंदांचे असल्याने त्याला या विलंबाची फारशी झळ लागत नाही. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणूनच टोकाच्या गोलाईतला डोळ्यांना न जाणवणारा फरक कानांना स्पष्ट कळतो. टोकदार पिकचा नाद खणखणीत आणि गोल टोकाच्या पिकचा नाद मऊ, भरीव वाटतो तो यामुळे.

यानंतरचा घटक जाडीचा आहे आणि त्याचा हिशेब पुष्कळांना चकित करतो. पातळ पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठरता आठपट होते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ०.७३ मिलिमीटर आणि ०.८८ मिलिमीटर जाडीच्या पिकमध्ये फरक दिसतो तो अवघ्या ०.१५ मिलिमीटरचा, पण द्रव्य आणि आकार तेच असल्यास दुसरा पिक सुमारे पाऊणपट अधिक ताठर असतो. सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवताना वाकणारा पातळ पिक सोयीचा पडतो, कारण तो प्रत्येक तारेशी जुळवून घेतो आणि आघात सौम्य करतो. एकेक सूर वेगाने वाजवायचा असेल तर हीच लवचीकता आड येते; हात पुढे गेलेला असतो आणि टोक मागे रेंगाळते.

द्रव्यांबद्दल मात्र फार बोलावे असे नाही. एकेकाळी हॉक्सबिल या सागरी कासवाच्या कवचाचे पिक उत्तम मानले जात. आपल्या नखांप्रमाणेच हे कवच केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते. संकटग्रस्त जिवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, १९७३ साली झालेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे १९७०च्या दशकातच त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि ती योग्यच होती. त्याच्या बरीच आधी सेल्युलॉइड आले होते, नंतर नायलॉन, अॅसिटाल, पॉलिइथरइमाइड, ‘पीक’ (PEEK) आणि पॉलिइमाइड अशी प्लास्टिके येत गेली. पिकसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक प्लास्टिकांचा यंग गुणांक, म्हणजे द्रव्याच्या अंगभूत ताठरतेचे माप, ढोबळमानाने दोन ते चार गिगापास्कल या पट्ट्यात पडतो. म्हणजे द्रव्य बदलून ताठरतेत जो फरक पडेल, तो जाडी पाव मिलिमीटरने कमीजास्त करूनही सहज साधता येतो. महागड्या प्लास्टिकांचा खरा फायदा त्यांच्या चिवटपणात आहे: टोक लवकर झिजत नाही, त्यामुळे महिनोन्महिने नाद तोच राहतो. नायलॉन हवेतील ओलावा शोषून मऊ पडतो, हेही ध्यानात ठेवावे. धातूचे आणि दगडाचे पिक जवळजवळ वाकतच नाहीत. ज्याला ते आवडतात त्याला ते फार आवडतात, एवढेच म्हणतो.

टोकाइतकीच कडही महत्त्वाची आहे. जाड तारांवर बारीक धातूच्या तारेचे वेढे असतात; सर्वांत जाड तारेवर एका मिलिमीटरमध्ये ते साधारण तीन भरतात. पिक तिरका धरला की त्याची कड थोडी या वेढ्यांवरून लांबीच्या दिशेने घासत जाते. हा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर सेकंदाला दीड हजार वेढे कडेखालून जातात, आणि सुरापूर्वी ऐकू येणारी ती खरखर नेमकी येथून येते. चांगल्या पिकची कड उतरती घासून आरशासारखी चकचकीत केलेली असते, त्यामुळे ही खरखर बरीच कमी होते. अर्थात ती सर्वांनाच नकोशी असते असे नाही. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे हे प्लास्टिकच्या पिकऐवजी जुने ब्रिटिश सहा पेनीचे नाणे वापरतात; त्याची कातरलेली कड तारेवर घासून सुराच्या आरंभाला खरबरीत धार देते. २००७ साली खगोलभौतिकीत पीएच.डी. मिळवलेल्या या वादकाला घर्षणाचे गणित कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता पकडीकडे वळू, कारण नादाचे निम्मे प्रश्न इथेच दडलेले असतात. तार टोकावर जोर लावते आणि बोटे त्यापासून काही अंतरावर असतात, त्यामुळे प्रत्येक आघात पिकला चिमटीतून फिरवू पाहतो. पिक फिरला की तारेशी होणारा त्याचा कोन बदलतो. मागे सरकला की बोटांबाहेर उरलेली लांबी बदलते आणि ताठरता या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेर दहा मिलिमीटर असलेले टोक आठ मिलिमीटर झाले, तर सरळ पट्टीच्या हिशेबाने पिक जवळजवळ दुप्पट ताठर होतो. एकाच गाण्यात पहिल्या आणि शेवटच्या कडव्याचा नाद वेगळा लागत असेल, तर दोष गिटारला देण्यापूर्वी चिमटीकडे पाहावे.

जोरात दाबून धरणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण त्याने मनगट आखडते आणि वेग मंदावतो. उपाय पृष्ठभागात आहे. किंचित दमट त्वचा मऊ होऊन पृष्ठभागाला अधिक चिकटते, परंतु घामाचा सलग थर तयार झाला की तोच थर वंगणाचे काम करतो आणि पिक निसटतो. म्हणून ज्यांचे हात कोरडे राहतात त्यांना भुकटी लावल्यासारखा भासणारा, अजिबात न चमकणारा पृष्ठभाग पुरतो. ज्यांच्या बोटांना घाम सुटतो त्यांनी उंचवटे, खोबणी किंवा मधोमध भोक असलेला पिक घ्यावा, कारण घामाला वाट मिळते आणि बोटाचे मांस त्या खळग्यात रुतून बसते. अॅसिटालसारखे मुळात निसरडे प्लास्टिक टोकासाठी उत्तम असले तरी पकडीच्या जागी ते मुद्दाम खरबरीत करावे लागते. आकाराने मोठा, त्रिकोणी पिक बोटांना अधिक क्षेत्र देतो, त्यामुळे तो फिरण्याला जास्त विरोध करतो. पूर्णपणे चकचकीत पॉलिश केलेला महाग पिक दिसायला देखणा असतो, पण घामट हातांना तो देऊ नये.

निवड करताना तुलना काटेकोर हवी. तार ब्रिजपासून, म्हणजे गिटारच्या पेटीवर तारा जिथे टेकतात त्या पट्टीपासून, किती अंतरावर छेडली जाते यावर नाद फार अवलंबून असतो: ६४८ मिलिमीटर लांबीची मोकळी तार ब्रिजपासून १३० मिलिमीटरवर छेडली तर पाचपट कंप्रतेचा अधिस्वर जवळजवळ नाहीसा होतो, ६५ मिलिमीटरवर छेडली तर पाचपटीचा परततो आणि दहापटीचा जातो. हात नकळत दोन बोटे सरकला तर दोन पिकमधला फरक त्यातच बुडून जाईल. त्यामुळे छेडण्याची जागा खुणेने पक्की करावी, तोच सुरांचा तुकडा प्रत्येक पिकने वाजवून ध्वनिमुद्रित करावा आणि कोणता पिक कोणता हे न कळता नंतर ऐकावे. पकडीची परीक्षा मात्र दुकानातल्या दोन मिनिटांत होत नाही. त्यासाठी हात तापेपर्यंत, घाम येईपर्यंत वाजवावे लागते.

झिजलेला पिक लगेच टाकून देण्याचेही कारण नाही. टोकाला सपाट पैलू पडला असेल तर बारीक आणि मग अतिबारीक सँडपेपरवर कड फिरवून घ्यावी आणि शेवटी जाड सुती कापडावर घासावी. हे करायचे नसेल, तर पिक उलटा धरून मागचा गोलसर कोपरा वापरून पाहावा. काही वादक तर नव्या पिकचेही तेच टोक पसंत करतात, कारण त्यातून निघणारा सूर अधिक जाड आणि मवाळ असतो.