भगताचा झाडपाला

पालघर, ठाणे, रायगड आणि नाशिकच्या डोंगरपट्ट्यातील वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांत देवदेवस्की करणारा आणि दुखण्यावर झाडपाला देणारा जाणकार म्हणजे भगत. बाळंतिणीची औषधे बहुधा सुईणीच्या हाती असतात.

हगवण आणि आव यांवरचे भरवशाचे झाड पांढरा कुडा. त्याच्या सालीत व बियांत कोनेसिन हे अल्कलॉइड असते. खोडावरची वाळकी खपली खरवडून आतली साल घेतात, ठेचून तिचा काढा करतात किंवा उगाळून ताकातून देतात. माप बोटांचे आणि मुठीचे. साल जाड की पातळ, ओली की सुकी यावर औषध कमीजास्त होते. फार झाले तर मळमळते.

खरी फसगत होते ती झाड ओळखताना. काळा कुडाही त्याच रानात वाढतो. तसाच चीक, समोरासमोर पाने, पांढरी फुले, जोडीने लोंबणाऱ्या शेंगा. फरक शेंगेच्या टोकाला पाहावा: काळ्याची जोडी टोकाशी चिकटलेली, पांढऱ्याची सुटी. शेंगा नसतील तेव्हा चव सांगते. पांढऱ्याची साल जहाल कडू, काळ्याची तितकी नाही. बियांनाही म्हणूनच कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव म्हणतात.

खोडाभोवती कडे पाडून साल सोलली की झाड मरते, कारण पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. एका बाजूची उभी पट्टी काढावी; फांदी तोडून सोलणे त्याहून बरे, कुडा पुन्हा फुटतो.

कुड्याने अंगातले गेलेले पाणी भरून येत नाही. त्यासाठी १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटाघोटाने पाजत राहावे. शौचातून रक्त पडत असेल तर दवाखाना गाठावा.

भेगाळलेल्या टाचेवर बिब्बा लावतात, पण तो उततो; नाजूक कातडीवर फोड येतात.

सापाच्या विषावर मात्र कोणतीही मुळी चालत नाही. अनेक साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. तेव्हा मुळीला गुण आला असे वाटते. मण्यार सर्वांत फसवी. दंशाची जागा फारशी सुजत नाही, रात्री झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. त्याच्या पापण्या मिटू लागल्या तर वाट न पाहता प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.