प्लगचा नंबर मोठा, मग प्लग थंड की गरम?

सोलापुरात हे समजावायला सुताचाच दाखला पुरतो. कापसाच्या सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो; पॉलिस्टरच्या धाग्याचा डेनियर वाढला की तो जाड होतो. एक माप ठरावीक वजनात किती लांबी बसते ते सांगतं, दुसरं ठरावीक लांबीचं वजन. नवख्या विणकराचा गोंधळ होतो, जुन्याचा होत नाही. जुन्या गाडीला स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, निवडताना नेमकी हीच भानगड आहे, फक्त इथे जुन्यांचाही गोंधळ होतो.

विजेच्या ठिणगीने इंजिन पेटवायची कल्पना जुनी आहे. एतिएन लेन्वारने १८६० मध्ये आपल्या गॅस इंजिनात ती वापरली. पण प्लगला खरे दिवस आले १९०२ मध्ये, बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र, बनवला तेव्हा. त्या काळची इंजिनं संथ, त्यामुळे प्लगचा 'स्वभाव' कुणी विचारत नसे. अडचण फक्त आट्यांची. फोर्डच्या मॉडेल टीला तर अर्ध्या इंची पाइपाचे आटे होते, म्हणजे प्लंबरच्या पेटीतलंच काम! पुढे बहुतेक गाड्या १४ मिलिमीटरवर आल्या.

इंजिनं वेगवान झाली आणि उष्णतेचा प्रश्न उभा राहिला. प्लगच्या टोकाशी जे पांढरं चिनीमातीसारखं नाक असतं, ते लांब असलं तर उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. तो गरम प्लग. आखूड नाकाचा थंड. टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर त्यावरचा कार्बन जळून जातो. त्याखाली राहिलं तर प्लग काळा पडून शॉर्ट होतो. फार तापलं, ८५०-९०० अंशांच्या पुढे गेलं, तर टोक स्वतःच निखारा बनतं आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवतं. पिस्टनला भोक पडतं ते अशाने.

हा स्वभाव आकड्यात सांगायचा तर प्रत्येक कंपनीने आपली पट्टी काढली. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा मोठा तर प्लग थंड. पुढे त्यांनीच पट्टी उलटवली आणि जुना १७५ नव्या ७ च्या जोडीला बसला. चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तर गरम. जपानी एनजीकेमध्ये मोठा तर थंड. त्यामुळे 'सात नंबर द्या' या मागणीला काही अर्थच उरत नाही.

आपल्याकडे या भाषा एकाच गॅरेजात आल्या. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचाच. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट बनवली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. म्हणजे गाडी इटालियन वळणाची. अँबॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, इंग्रजी पुस्तकातली, आणि त्या पुस्तकांत चॅम्पियनचे नंबर. दुकानात मात्र मिळायचा तो मायकोचा प्लग, बॉशच्या पट्टीतला. १९५१ मध्ये सुरू झालेली ही बंगळुरूची कंपनी पुढे बॉश लिमिटेड झाली. म्हणजे पुस्तक एका भाषेत, प्लग दुसऱ्या. मधला दुभाषा म्हणजे मिस्त्री, त्याच्या आठवणीसकट.

आता पेट्रोलही ते राहिलेलं नाही. २००० मध्ये शिसं गेलं. प्लगच्या रंगावरून पेट्रोल-हवेचं मिश्रण ओळखायचे जुने आडाखे शिशाच्या पेट्रोलवर बसवलेले होते. हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि प्लग पांढरट दिसतो. लोक लगेच थंड प्लग घालतात. आधी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बघावा. (उसाच्या जिल्ह्यात बसून इथेनॉलची तक्रार करायची म्हणजे अवघडच!) मेच्या उन्हालाही उगीच दोष दिला जातो, बाहेरच्या ४३ अंशांपेक्षा घाटात तिसऱ्या गिअरला ओढलेली गाडी प्लगला जास्त तापवते.

नंबर जुळला तरी लांबी राहतेच. माझ्या अँबॅसेडरच्या हेडला, म्हणजे प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाला, १९ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो. एका दुकानातून स्वभाव बरोबर, पण १२.७ मिलिमीटरचे चार आणले. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, पुस्तकाप्रमाणे ०.६४ मिलिमीटर ठेवला. बसले, गाडी सुरू झाली, थोडी मिसिंग करत दोन महिने चाललीही. मग योग्य प्लग आणला तर तो अर्ध्यावरच अडला. हेडच्या खालच्या उघड्या आट्यांत कार्बन दगडासारखा बसला होता.

"मालक, जोर लावू नका," मिस्त्री म्हणाला आणि आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासून एकेक आटा साफ करत बसला. चार सिलिंडरला सगळी दुपार गेली.