पॉप-अप ट्रक कॅम्पर: स्वतः केलेल्या सुधारणांमागचा इतिहास

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची आणि मुक्कामी पोचल्यावर छप्पर उचलून उंच करायची खोली म्हणजे पॉप-अप ट्रक कॅम्पर. गाडी धावत असताना छप्पर खाली बसलेलं असतं, त्यामुळे वारा कमी अडतो आणि गाडीचा तोल सांभाळला जातो. थांबल्यावर छप्पर वर गेलं की मधल्या जागेत जाड विनाइलच्या भिंती ताणल्या जातात आणि आत सरळ उभं राहता येतं. अमेरिकेत या कॅम्परमध्ये स्वतःच्या हाताने फेरबदल करण्याची परंपरा गेली पन्नास वर्षं चालत आली आहे. फेरबदलांची यादी बहुतेकांची सारखीच निघते: दिवे, फ्रिज, बॅटरी, सोलर पॅनेल, छप्पर उचलायला मदत करणारे गॅस स्ट्रट, थंडीसाठी अस्तर. ती सारखी का निघते, हे या कॅम्परच्या जन्मकथेत सापडतं. वजन वाचवण्यासाठी तो तयार झाला, आणि त्यात केलेला प्रत्येक बदल शेवटी वजनापाशीच येऊन थांबतो.

फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती 281 डॉलरला विकायला काढली. त्याआधी शेतकरी आणि छोटे व्यापारी गाडीचा मागचा भाग काढून हौदा स्वतः जोडत किंवा कारागिराकडून जोडून घेत. थोडक्यात, पिकअप ही गाडीच मालकांच्या कापाकापीतून आलेली आहे. पुढे तिच्या हौद्यात झोपायची सोय करणारेही याच जातकुळीचे होते.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकी सैन्याने कॅनडामधून अलास्कापर्यंत सुमारे 2,700 किलोमीटरचा रस्ता काही महिन्यांत काढला. 1948 मध्ये तो सर्वसामान्य प्रवाशांना खुला झाला. खडीचा, लांबच लांब, मुक्कामाच्या सोयी तुरळक असलेला हा रस्ता ट्रकवरच्या खोलीला अगदी साजेसा होता. 1950 च्या दशकात आर. डी. हॉल यांनी बनवलेल्या कॅम्परचं नावही अलास्कन असंच पडलं. त्याच्या भिंती टणक होत्या. वरचा अर्धा भाग डब्याच्या झाकणासारखा खालच्या अर्ध्यावर बसायचा आणि हायड्रॉलिक पंपाने वर यायचा. आजही जुने अलास्कन दुरुस्त करून वापरणारे लोक आहेत. पण टणक भिंती आणि हायड्रॉलिक यंत्रणा म्हणजे वजन आलंच.

वजनाचा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला गेला तो कोलोरॅडोत. फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी तिथे 1972 मध्ये सुरू झाली. पुढे तिचा कारखाना कॅलिफोर्नियातल्या वुडलँडला गेला. त्या काळात बऱ्याच कॅम्परचे सांगाडे लाकडी असत. पाणी झिरपलं की लाकूड आतून कुजायचं, आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावर सांधे सैल व्हायचे. इथे सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या वेल्ड करून केला गेला. असा सांगाडा ट्रकबरोबर थोडा पिळवटतो आणि पुन्हा जागेवर येतो. वरच्या भिंतींना लवचिक विनाइल आलं.

छप्पर उचलायची यंत्रणा तर इतकी साधी आहे की ती नीट पाहण्यासारखी आहे. पुढच्या आणि मागच्या बाजूला छप्पर आणि खोली यांच्यामध्ये प्लायवुडचा एकेक आडवा फळा असतो. त्याचे मधोमध दोन भाग केलेले असतात आणि ते लांबलचक बिजागरीने जोडलेले असतात. छप्पर खाली असताना फळा आत दुमडून पडलेला असतो. बाहेरचे खटके सोडायचे, आत वाकून शिरायचं आणि आधी एका टोकाला छप्पर वर रेटायचं. दुमडलेला फळा उलगडत जातो आणि शेवटच्या दाबाबरोबर सरळ होऊन तिथेच अडकतो. मग दुसरं टोक. मोटर नाही, दोरखंड नाहीत, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. मात्र छपराचं वजन उचलणाऱ्याच्या हातांवर येतं. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही बाब महत्त्वाची आहे.

नवा उद्योग उभा राहत असतानाच दोन गोष्टी घडल्या. ट्रकच्या क्षमतेपेक्षा जड कॅम्पर चढवले जात असल्याने अमेरिकी सरकारने 1973 पासून नियम आणला: कॅम्परवर त्याचं वजन लिहिलेलं हवं, आणि ट्रक बनवणाऱ्याने किती भार चालेल व त्या भाराचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठे पडायला हवा हे सांगायला हवं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला. इंधन महागलं, जानेवारी 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची वेगमर्यादा आली आणि लहान जपानी पिकअपकडे लोक वळले. या गाड्यांवर अर्ध्या टनाच्या आसपासच भार टाकता येई. त्यात दोन माणसं, पाणी, सामान आणि कॅम्पर बसवायचा, तर कॅम्पर उघडाबोडकाच हवा.

म्हणून कारखाने नुसता सांगाडाही विकत: बाहेरचं कवच, उचलायचं छप्पर, ट्रकच्या टपावर पुढे आलेला पलंग आणि बाकी आत काही नाही. आतली कपाटं, ओटा, बाकडं घेणाऱ्याने स्वतः करायची. माझ्या मते स्वतः सुधारणा करण्याची सवय इथेच रुजली. ज्याने आतलं प्रत्येक कपाट स्वतः बसवलंय, त्याला भिंतीच्या मागे सांगाड्याची नळी कुठे आहे आणि नुसता पत्रा कुठे आहे हे ठाऊक असतं. पुढे तारा ओढायला किंवा फ्रिज बदलायला तो कचरत नाही.

दुसरं कारण जमिनीचं. अमेरिकेच्या पश्चिम भागात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडे सुमारे 10 कोटी हेक्टर सार्वजनिक जमीन आहे. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी कुठल्याही आखीव कॅम्पग्राउंडशिवाय फुकट राहता येतं. सर्वसाधारण मर्यादा 28 दिवसांत 14 दिवसांची असते. तिथे वीज नाही, नळ नाही. पॉप-अप कॅम्पर अशा जागी पोचू शकतो, पण त्याच्या आत तेवढे दिवस पुरेल अशी वीज सुरुवातीला नव्हती. ही उणीव भरून काढण्यात मालकांची पुढची चार दशकं गेली.

सुरुवातीच्या कॅम्परमध्ये बर्फाची पेटी, हातपंपाचा नळ, गॅसची शेगडी आणि एखाद-दुसरा बल्ब एवढंच असे. त्या बल्बचा हिशोब करून पाहा. 12 व्होल्टचा साधा बल्ब दीड अँपिअर खातो. दोन बल्ब चार तास जळले की 12 अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास, म्हणजे खर्च झालेल्या विजेचं माप) गेले. 80 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच सुरक्षितपणे वापरता येतात, कारण त्याखाली वारंवार गेलं की बॅटरी लवकर मरते. म्हणजे एका संध्याकाळच्या उजेडातच वापरता येण्याजोग्या विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. तेवढाच उजेड एलईडी दोन-तीन वॅटमध्ये देतो, आणि तेच दोन दिवे चार तासांत दोन अँपिअर-तासांच्या आत आटोपतात. जुन्या कॅम्परमधला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात फायद्याचा बदल कोणता, तर हाच. फक्त बल्ब काढून त्याच खोबणीत एलईडी बसवायचा.

फ्रिजची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये उष्णतेवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज शोधून काढला आणि 1925 मध्ये तो इलेक्ट्रोलक्सकडे गेला. त्यात हलणारा भाग नाही, आवाज नाही. गॅसच्या छोट्या ज्योतीवर तो आठवडेच्या आठवडे चालतो. बर्फाच्या पेटीच्या जागी हा फ्रिज आला तेव्हा ती मोठीच सोय होती. पण त्यातला द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली वाहत असल्याने गाडी बऱ्यापैकी सपाट उभी हवी. डोंगरातल्या तिरप्या जागेवर तो थंड होईनासा होतो. प्रवासात 12 व्होल्टवर चालवला तर दहा अँपिअरच्या घरात वीज ओढतो. शिवाय त्याला भिंतीत हवेसाठी दोन झरोके लागतात, आणि त्यातून धूळ आत येते.

त्याला पर्याय बोटींकडून आला. डॅनफॉस या डॅनिश कंपनीचे बॅटरीच्या विजेवर चालणारे छोटे डीसी कॉम्प्रेसर बोटींवरच्या आणि लांब पल्ल्याच्या ट्रकमधल्या फ्रिजमध्ये रुळले होते. मालकांनी ते फ्रिज जुन्या खणात बसवले. ते तिरप्या जागीही चालतात. दिवसाला साधारण 25 ते 35 अँपिअर-तास लागतात. उन्हाळ्यात त्याहून जास्त. गॅसची बचत झाली, पण सगळा भार बॅटरीवर आला. कॅम्परमधल्या सुधारणांची साखळी खऱ्या अर्थाने या फ्रिजपासून सुरू झाली असं मला वाटतं. फ्रिज बदलला की बॅटरी अपुरी पडते. बॅटरी वाढवली की ती भरायची कशी हा प्रश्न येतो.

पहिला प्रयत्न ट्रकच्या अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून, भरण्याचा. ट्रकपासून कॅम्परपर्यंतची, कारखान्यातच बसवलेली तार बारीक असे. 14 गेज जाडीच्या तारेतून 10 अँपिअर नेले आणि जाऊन-येऊन अंतर 40 फूट झालं, तर वाटेतच सुमारे एक व्होल्ट गळतो. अल्टरनेटर 14.4 व्होल्ट देत असला तरी कॅम्परच्या बॅटरीला 13.4 च मिळतात, आणि तेवढ्यावर लेड-ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. दिवसभर गाडी चालवूनही रात्री फ्रिज बंद पडतो, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. जाड तार आणि दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हा त्यावरचा पहिला इलाज. पुढे इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मध्येच उतरवणारे अल्टरनेटर नव्या ट्रकमध्ये आले, तेव्हा जाड तारही पुरेनाशी झाली आणि मधे व्होल्टेज हवं तेवढं करून बॅटरीला देणारा डीसी-डीसी चार्जर बसवणं गरजेचं झालं.

दुसरा मार्ग सूर्याचा. बेल लॅब्समध्ये 1954 साली दाखवलेला सिलिकॉन सौर घट सूर्यप्रकाशातली जेमतेम सहा टक्के ऊर्जा वापरात आणत होता. घरांच्या छपरांसाठी पॅनेलचं उत्पादन प्रचंड वाढलं आणि किमती कोसळल्या, तेव्हा कुठे कॅम्परच्या मालकांना ती परवडू लागली. 100 वॅटचं काचेचं पॅनेल साधारण सहा-सात किलोचं. दोन पॅनेल, त्यांच्या पट्ट्या आणि तारा मिळून पंधरा किलो सहज होतात, आणि हे पंधरा किलो नेमके त्या छपरावर बसतात जे हातांनी उचलायचं आहे.

इथे गॅस स्ट्रट आले. मोटारीचं मागचं दार उघडं धरतात तेच. आतून त्या प्लायवुडच्या फळ्यांजवळ दोन-दोन स्ट्रट लावले की छपराचा बराच भार ते पेलतात. दिसायला सोपं, पण जागा चुकली तर फळा दुमडतच नाही. ताकद जास्त घेतली तर छप्पर खाली ओढून खटके लावणं अवघड होतं. थंडीत आतल्या वायूचा दाब उतरतो, म्हणून उन्हाळ्यात बरोबर वाटणारे स्ट्रट बर्फात लेचेपेचे पडतात. वजन मोजून, छपरावर काय राहणार आहे ते आधी ठरवून स्ट्रट निवडणाऱ्यांचंच काम नीट जमलेलं दिसतं.

पॅनेलसाठी छपराला भोकं पाडायची की नाही, यावर मालकांत दोन तट आहेत. मी भोकं टाळण्याच्या बाजूचा. शक्यतो कडेच्या, आधीच बसवलेल्या पट्ट्यांचा आधार घ्यावा. भोक पाडावंच लागलं तर खाली ब्युटिल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, आणि वर छपरासाठीचं सीलंट. साधं सिलिकॉन नको, कारण एकदा ते लागलं की पुढच्या वेळी त्या जागेवर दुसरं काही चिकटत नाही. सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी आतलं प्लायवुड पाण्याने फुगतंच.

बॅटरीच्या वजनावर तोडगा निघाला तो प्रयोगशाळेतून. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि अक्षय पाढी यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटवरचं काम 1997 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या रसायनाच्या बॅटऱ्या कॅम्परपर्यंत यायला बरीच वर्षं गेली, पण आल्या तेव्हा हिशोब पार बदलला. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी 28 ते 30 किलोची आणि निम्मीच वापरण्याजोगी. लिथियमची 11 ते 13 किलोची आणि जवळजवळ पूर्ण वापरता येणारी. पथ्य एकच, पण कडक: शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नाही, नाहीतर आत कायमचं नुकसान होतं. म्हणून ती कॅम्परच्या आत, उबेच्या बाजूला ठेवतात.

उबेचा विषय थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या नळ्या थंडी सरळ आत आणतात, श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ त्यांच्यावर आणि विनाइलवर साचते, गादीखाली ओल धरते. विनाइलच्या आतून दुसरं अस्तर आणि गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळी या दोन गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. हीटर मात्र असा हवा की ज्याची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो. वेबास्टो आणि एबरश्पेशर या जर्मन कंपन्यांचे डिझेल हीटर ट्रकमधून इथे आले ते याच गुणामुळे. आत उघडी ज्योत पेटवून झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे की नाही, हे बाकी कुठल्याही सुधारणेच्या आधी तपासावं.

मालकांनी गॅरेजमध्ये केलेल्या कितीतरी गोष्टी आता कारखान्यातूनच मिळतात: एलईडी, कॉम्प्रेसर फ्रिज, छपरावर सोलरचा तयार प्लग, स्ट्रट, लिथियम बॅटरी. उलट दिशेनेही हालचाल आहे. मोंटानातल्या गो फास्ट कॅम्पर्ससारख्या कंपन्या पुन्हा आतून रिकामे, हलके कॅम्पर विकू लागल्या आहेत, आणि घेणारे त्यात ॲल्युमिनियमच्या खाचदार पट्ट्या जोडून स्वतःची कपाटं उभी करतात.

काम संपल्यावर मात्र वजनकाट्यावर जायला हवं. पाण्याची 75 लिटरची टाकी भरलेली, गॅस सिलिंडर भरलेला, इंधन पूर्ण, माणसं गाडीत बसलेली, अशा अवस्थेत पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजावा. अमेरिकेत ट्रक स्टॉपवरच्या काट्यांवर हे काही मिनिटांत होतं. मिळालेले आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मर्यादेशी आणि टायरवरच्या भारक्षमतेशी ताडून पाहावेत. मागचा ॲक्सल मर्यादेवर गेला असेल, तर आधी मागच्या कपाटातलं सामान काढावं, आणखी एखादं सोलर पॅनेल नंतर घ्यावं.