जीडीपीच्या रेषेतले जोड

मे महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय वार्षिक आकडे जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जीडीपीची, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याची, चढती-उतरती रेषा छापून येते. १९५०-५१ पासून आजपर्यंतची ती रेषा सलग दिसते, पण ती सलग नाही. मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या आणि त्या-त्या ठिकाणी रेषेला जोड दिले गेले. हे जोड कुठे आहेत ते ठाऊक नसताना विकासदरावर वाद घालणे व्यर्थ आहे, असे मला वाटते.

या मोजदादीची सुरुवात दादाभाई नौरोजींपासून करावी लागते. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस. १८६७-६८ सालासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न काढले, ते भरले वर्षाला २० रुपये. हा आकडा पाठ्यपुस्तकांत असतो, पण तो काढताना त्यांनी सरकारी अहवालांची जी झडती घेतली ती फारशी कुणी सांगत नाही. प्रांतांचे अहवाल सरासरी काढताना सगळ्या जिल्ह्यांचे भाव एकाखाली एक मांडत, बेरीज करत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कुठल्या जिल्ह्यात किती एकर लागवड आहे, किती पीक निघाले, याचा विचारच नाही. मध्य प्रांताच्या अहवालात तांदळाचा भाव मणाला २ रुपये १२ आणे ७ पै दिला होता. दादाभाईंनी कुठल्या जिल्ह्यात उत्पादन किती हे लक्षात घेऊन हिशेब केला, तेव्हा तो दीड रुपया निघाला. एकरी उत्पादन अहवालात ५७९ पौंड, हिशेबाने ७५९ पौंड. म्हणजे एक चूक भाव फुगवत होती आणि दुसरी पीक घटवत होती. लक्षात घ्या, पिकाचा आकडा दुरुस्त केल्यावर तो वाढला, म्हणजे गरिबी दाखवण्याच्या त्यांच्या मुद्द्याला ते गैरसोयीचेच होते. तरी त्यांनी तो दुरुस्त केला. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी ही सारी मांडणी वाचली. पुढे सरकारकडून १८८२ साली २७ रुपयांचा अंदाज आला, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननी ३० रुपयांचा दावा केला. देश किती गरीब हा प्रश्न आकड्यांनी लढवायचा, ही रीत तिथून रूढ झाली.

दादाभाईंच्या हिशेबात सेवा जवळजवळ नव्हत्याच. वकील, शिक्षक, रेल्वेचा कारकून यांचे उत्पन्न कसे धरायचे? अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ च्या अंदाजात यावर तोड काढली. शेती आणि खाणींसाठी उत्पादन मोजायचे, व्यापार-नोकरी-सेवांसाठी माणसांचे उत्पन्न मोजायचे आणि दोन्ही एकत्र करायचे. आजची पद्धतही पुष्कळशी याच वळणाची आहे.

स्वातंत्र्यानंतर ऑगस्ट १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, सदस्य राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. सल्लागारांत सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन हे अर्थशास्त्रज्ञ, दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न समितीच्या हिशेबाने सुमारे ८,६५० कोटी रुपये आले, माणशी २४७ च्या आसपास. त्यातला जवळपास निम्मा वाटा शेतीचा होता, आणि शेतीतला बराच माल बाजारात न येता घरातच खाल्ला जात होता. न विकलेल्या ज्वारीला किंमत किती लावायची हा प्रश्न त्या समितीपुढे खराखुरा होता.

त्यानंतर आधारवर्षे बदलत गेली: १९४८-४९, १९६०-६१, १९७०-७१, १९८०-८१, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २०११-१२. किमतींची वाढ वगळून खरी वाढ पाहायची तर कुठल्या तरी एका वर्षाचे भाव स्थिर धरावे लागतात; तेच आधारवर्ष. पण वर्ष जुने झाले की नव्या वस्तू, नवे धंदे त्या चौकटीत मावत नाहीत. आधारवर्ष बदलले की रेषेला नवा जोड येतो. सर्वांत मोठी खळबळ २०१५ च्या जानेवारीत, २०११-१२ हे आधारवर्ष लागू झाले तेव्हा उडाली. कंपन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेले हिशेब प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि २०१३-१४ चा विकासदर ४.७ टक्क्यांवरून ६.९ टक्के झाला. त्या वर्षी कारखान्यांत किंवा शेतात जे घडले होते ते तसेच राहिले, मोजपट्टी बदलली. त्या दिवसापासून सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही, आणि शमू नये. प्रश्न विचारले गेले म्हणूनच पद्धतीतल्या उणिवा चव्हाट्यावर आल्या.

आलेख वाचताना आणखी एक मेख असते, ती म्हणजे सुरुवात कुठून केली. १९७९-८० च्या दुष्काळात जीडीपी पाच टक्क्यांहून अधिक घसरला आणि पुढच्या वर्षी सात टक्क्यांहून अधिक उसळला. ऐंशीच्या दशकाची रेषा त्या खड्ड्यापासून काढली तर चढण उगाच तीव्र दिसते. २०२०-२१ चे तसेच. टाळेबंदीच्या वर्षी घसरण, म्हणून पुढच्या वर्षीचा दर भरघोस. अशा वेळी दोन वर्षे एकत्र धरून पाहावे.

उत्पादकतेची रेषा याहून नाजूक आहे. एका कामगारामागे किती मूल्य निर्माण झाले हे काढायचे तर वर जीडीपी हवा आणि खाली कामगारांची संख्या. ही खालची संख्या आपल्याकडे फार काळ दरवर्षी मिळतच नव्हती. १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या मोठ्या रोजगार फेऱ्या साधारण पाच वर्षांनी होत. मधल्या वर्षांचे आकडे दोन फेऱ्यांमध्ये सरळ रेघ ओढून भरले जात. त्यामुळे जुन्या आलेखांतला उत्पादकतेचा संथ, गुळगुळीत चढ पाहून भुलू नये. २०१७-१८ पासून रोजगाराची वार्षिक पाहणी सुरू झाली आणि दुसरेच कोडे पुढे आले. १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे त्यांतल्या काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण, २०१७-१८ मध्ये सुमारे २३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४२ टक्क्यांच्या जवळ गेला. यातल्या पुष्कळ जणी घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. त्या आधीही राबत होत्या की आता नव्याने कामाला लागल्या, यावर उत्पादकतेचा आकडा हलतो. भाजक वाढला की भागाकार घटतो, इतके साधे गणित आहे. पण त्यामागे कोणाच्या कामाला काम म्हणायचे हा प्रश्न आहे, आणि मला तो जीडीपीच्या दराहून महत्त्वाचा वाटतो.

याच पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये कामकऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीत होते. देशाच्या मूल्यवर्धनात, म्हणजे सगळ्या धंद्यांनी मिळून निर्माण केलेल्या मूल्यात, शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. भागाकार केला तर शेतीतल्या माणसाच्या तुलनेत शेतीबाहेरचा माणूस जवळपास चौपट मूल्य निर्माण करतो. २०१७-१८ मध्ये शेतीतल्यांचे प्रमाण ४४ टक्के होते. म्हणजे वाढीची रेषा वर जात असतानाही हे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. ही दोन चित्रे एकाच पानावर शेजारी-शेजारी छापायला हवीत.

आता सांख्यिकी मंत्रालयाने २०२२-२३ हे नवे आधारवर्ष घेतले आहे. तेव्हा लांब पल्ल्याचा कुठलाही आलेख हाती आला की आधी तळटीप वाचावी: आधारवर्ष कोणते, मागची वर्षे नव्या पद्धतीने मोजली की नुसती गुणून जुळवली, आणि कामगारांचा आकडा कुठल्या पाहणीतून घेतला.