सेस बंद झाला, म्हणून विडी कामगारांच्या मुलांची स्कॉलरशिप बंद झाली नाही

सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात एक समज पक्का बसलाय: जीएसटी आला, विड्यांवरचा सेस म्हणजे उपकर गेला, आता मुलांची शिष्यवृत्तीही संपली. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं नाही.

1976 च्या कायद्यानं विड्यांवर उपकर बसला आणि त्यातून कामगार कल्याण निधी उभा राहिला. दवाखाने, शिष्यवृत्ती, घरकुलाचं अनुदान त्यातूनच. 2017 मध्ये उपकर रद्द झाला. पण योजना उपकरासोबत गेल्या नाहीत. त्यांचा खर्च केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पातून, श्रम मंत्रालयामार्फत होऊ लागला. शिष्यवृत्ती इयत्तेनुसार वर्षाला 1,000 ते 25,000 रुपये.

बदलली ती अर्जाची वाट. अर्ज आता नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि पैसे थेट बँक खात्यात येतात. आईचं किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र हवंच. कागदात नावाचं स्पेलिंग जुळत नसेल, खातं आधारला जोडलेलं नसेल, तर पैसे अडकतात आणि वस्तीत ‘योजनाच बंद’ अशी बातमी फिरते. दिवसभर पानं कातरून विड्या वळणाऱ्या बाईचा हा हक्क असा अफवेपायी बुडू नये. अर्ज दरवर्षी मुदतीत भरावा लागतो, गेल्या वर्षीचा चालत नाही.