बेकारी भत्त्याने कामगार घरी बसतो का?

सोलापूरच्या पूर्व भागात एखादा टॉवेलचा कारखाना बंद पडला, की मागावरच्या कामगाराला नवं काम निवडून घ्यायला सवड नसते. घरभाडं, किराणा, मालकाकडून घेतलेली उचल हे सगळं डोक्यावर असतं. मग मिळेल ते धरायचं: हमाली, वॉचमनची नोकरी, नाहीतर सरळ पुणे. अशा माणसाला काही महिने भत्ता द्या म्हटलं, तर 'मग तो कामाला जाईल कशाला?' असं लगेच ऐकायला मिळतं.

भत्ता मिळणारी माणसं थोडी उशिरा कामावर परततात, हे खरं आहे. पण का? अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी 2008 मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली. गाठीशी शिल्लक असलेल्यांवर भत्त्याचा परिणाम फारच कमी होता. उशीर करत होते ते हातात काही नसलेले. नोकरी सुटताना एकरकमी पैसे मिळालेलेही जास्त दिवस काम शोधत राहिले. ही रक्कम काम मिळालं तरी परत जात नाही, म्हणजे तिच्यासाठी घरी बसण्यात काही फायदा नाही. भत्त्यामुळे होणाऱ्या उशिरापैकी सुमारे 60 टक्के वाटा या हातातल्या पैशाचा, म्हणजे मिळेल ते लगेच धरावं न लागण्याचा, असा त्यांचा हिशेब निघाला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण कसबी विणकराला हमालीत ढकलून त्याचं कसब वाया घालवण्यापेक्षा त्याने महिनाभर थांबलेलं बरं.

रिकामपणात माणूस मजेत असतो, हा समजही तपासला गेला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारियेन्थाल गावातली कापडगिरणी 1929-30 च्या सुमारास बंद पडली. मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पुरुषांची रस्त्यातली चालसुद्धा मंदावली होती. गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच गावात 2020 मध्ये वर्षभराहून जास्त काळ बेकार असलेल्यांना पगारी कामाची हमी देण्यात आली. सक्ती नव्हती. दीर्घकालीन बेकारी झपाट्याने घटली, आणि मन:स्वास्थ्यही सुधारलं.

आपल्याकडे नोकरी गेलेल्या विमाधारक कामगारांसाठी ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम मिळे, 2020 मध्ये ती 50 टक्के झाली. जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. पण त्यासाठी विमा हप्त्यांची नोंद लागते. घरी विड्या वळणाऱ्या बाईकडे किंवा चार मागांच्या शेडमधल्या कामगाराकडे ती सहसा नसते. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामं लाखोंचा आधार झाली, 1977 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, पण 'मागेल त्याला काम' हा हक्क दिला तो ग्रामीण भागाला. शहरातला माग थांबला, तर त्या कामगाराला असं काम मागायची सोय त्या कायद्यात नाही. ती व्हायला हवी, आणि विम्याची नोंद छोट्या शेडपर्यंत पोचायला हवी.